घरात चौघांचे केस एकदम गळायला लागलेत. पाण्यामुळे असेल का?

मोगरा_चेंबूर | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आम्ही चेंबूरला राहतो. सात मजल्यांची जुनी इमारत, २८ घरं. घरात पाच माणसं: मी (३९), नवरा (४३), सासूबाई (६८), मुलगा (१४) आणि मुलगी (८). मुलगा सोडून बाकी चौघांचे केस गळताहेत. थोडेथोडके नाहीत. न्हायलं की मोरीच्या जाळीवर गुंतवळ साचतं आणि पाणी तुंबतं. केर काढला की सुपलीत धुळीपेक्षा केस जास्त. परवा कणीक मळताना लांब केस निघाला, मुलाने ताट बाजूला सारलं आणि उपाशीच क्लासला गेला. माझा भांग इतका रुंद झालाय की आरशात बघवत नाही. मुलीच्या उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा विरळ दिसते. तिने वेण्या घालायचं सोडलंय, शाळेत हेअरबँड लावून जाते.

माझा संशय पाण्यावर आहे. गणपतीच्या सुमारास आमच्या पालिकेच्या लाइनला गळती लागली, तेव्हापासून सोसायटी बोअरचं पाणी वरच्या टाकीत मिसळतेय. नळांवर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी शिजत नाही. जे पाणी डाळीला शिजू देत नाही ते डोक्याचं काय करत असेल?

एका केसांच्या क्लिनिकमध्ये जाऊन आलो. त्यांनी कॅमेऱ्यातून डोकं दाखवलं, ‘पाण्यामुळेच’ म्हणाले आणि चौघांचं मिळून ४८,००० चं पॅकेज सांगितलं. त्यात मुलीसाठी सीरमसुद्धा आहे. पैसे भरायच्या आधी इथे विचारतेय. शॉवरला फिल्टर लावून भागेल का? कोणाच्या घरात असं झालंय का?

---

सचिव_मुलुंड | ८ नोव्हेंबर, रात्री ११.१५

आमच्या सोसायटीत नऊ वर्षं सेक्रेटरी आहे, म्हणून पाण्याचं तेवढं सांगतो.

मुंबईला पालिकेचं पाणी सात तलावांतून येतं: भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. पावसाचं साठलेलं पाणी, त्यामुळे मऊ. बोअरचं पाणी खडकातून येतं, चेंबूरसारख्या खाडीजवळच्या भागात खारटही लागतं. डाळ न शिजणं, फेस न येणं ही जड पाण्याचीच लक्षणं, तिथे तुमचा अंदाज बरोबर आहे.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, तीनचारशे रुपयांना मिळतो. आधी स्वयंपाकघराच्या नळाचं मोजा, मग वॉचमनकडून थेट बोअरचं पाणी घेऊन मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

आणि केस बाजूला ठेवा, पण फ्लशिंगसाठी असलेलं बोअर पिण्याच्या टाकीत सोडणं हीच मुळात गंभीर गोष्ट आहे. सोसायटीला लेखी द्या, एक प्रत एम पश्चिम वॉर्डच्या पाणी खात्यात द्या. गळती कुठे आहे ते चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या माणसाला, नक्की ठाऊक असतं, त्याला गाठा.

---

निशिगंध | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

मोगराताई, फिल्टरची घाई करू नका. मी घोडबंदर रोडला राहायला आले तेव्हा बारा महिने टँकर. केसांचा झाडू झाला होता. ३,२०० रुपयांचा शॉवर फिल्टर लावला, काही फरक नाही. नंतर कळलं की असले बहुतेक फिल्टर क्लोरीन कमी करतात, पाण्याचा जडपणा घालवत नाहीत. त्याला मिठावर चालणारा सॉफ्टनर लागतो, आणि तो असा शॉवरला अडकवता येत नाही.

माझी खरी गोष्ट पुढे आहे. माझे केस पाण्याने गळत नव्हतेच. बाळंतपणाला साडेतीन महिने झाले होते. बाळ सव्वा वर्षाचं झालं तेव्हा त्याच टँकरच्या पाण्यात केस पुन्हा भरून आले. राठ राहिले, पण भरले.

---

गिरगावकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

आमच्या आईने पाच मुलींचे केस माक्याच्या तेलावर आणि शिकेकाईवर गुडघ्यापर्यंत वाढवले. जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात मंद आचेवर कढवायची, रात्री मुळांना लावायचं. शाम्पू बंद करा आणि दोन महिने हे करून बघा. नुकसान तर नाही?

---

त्वचावैद्य_माटुंगा | ९ नोव्हेंबर, दुपारी २.०५

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. इथे निदान करणार नाही, पण ताई ज्या वाटेने चालल्या आहेत त्या वाटेबद्दल बोलायला हवं.

गिरगावकर काका, मोठ्यांच्या डोक्याला तेल लावायला माझी हरकत नाही. पण मुलीच्या त्या जागेवर सध्या तेल, सीरम काहीही लावू नका. का ते पुढे सांगतो.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, बाकीचे विश्रांतीला गेलेले असतात. विश्रांतीतला केस तीनेक महिने मुळात नुसता बसून राहतो आणि मग गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं हे नेहमीचंच. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. आज तुमच्या जाळीवर दिसणारा केस बहुधा तीन महिन्यांपूर्वीच सुटलेला आहे.

म्हणून माझा पहिला प्रश्न: गळायला नक्की कधी लागले, आणि त्याच्या तीन महिने आधी घरात काय झालं होतं? तारखा आठवत नसतील तर सण आठवा. माझ्या पेशंटना मी असंच विचारतो, बरोबर आठवतं.

दुसरं, जड पाणी केसाचा दांडा राठ करतं, मग तो मधेच तुटतो. मुळापासून केस उपटून काढायची ताकद त्यात असल्याचा भक्कम पुरावा नाही. न्हायल्यावर पडलेले सगळे केस गोळा करा, काळ्या कागदावर पसरा, एकेकाचं टोक बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक पांढरी गाठ दिसली तर केस मुळापासून आला. गाठ नसेल आणि केस आखूड असेल तर तुटला.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. मुलीचं प्रकरण या हिशेबात धरूच नका. सगळीकडून विरळ होणं वेगळं आणि गोल जागा पडणं वेगळं. ती चाई असू शकते, केसांतला नायटा असू शकतो, घट्ट वेण्यांचा ताणही असू शकतो. तिला या आठवड्यात दाखवा. सायन, केईएम, नायर, कुठल्याही पालिका रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीत केसपेपर काढा. पॅकेज घेऊ नका.

---

वऱ्हाडी_माणूस | ९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

मी डोंबिवलीत राहतो, मूळ शेगाव तालुक्यातला. हे सगळं आम्ही वर्षभरापूर्वी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या भागातल्या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली, आणि तीन-चार दिवसांत हात लावला की केस हातात. पोरं, बाया, म्हातारे, सगळे. माझी मावशी फोनवर रडत होती. डोक्यावरून पदर घेतला तर पदराला केस चिकटून येत होते. १८ गावांतली २७९ माणसं त्यात सापडली. ठरलेली लग्नं पुढे ढकलली. पोरी कॉलेजात जाईनात.

तेव्हा आम्ही सगळे पाण्यालाच दोष देत होतो. आमच्याकडचं पाणी खारं, तपासणीत नायट्रेटही जास्त निघालं. पण ते पाणी आम्ही पिढ्यान् पिढ्या पितोय, आताच का? दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांचं नाव आहे ते, गावात आले आणि लोकांच्या घरातला गहू घेऊन गेले. रेशनचा, पंजाब-हरियाणाकडून आलेला. त्यात सेलेनियम, जे थोडं लागतं पण जास्त झालं की विषारी, ते एका किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघालं. गहू धुऊन पाहिला तरी १३.६१. म्हणजे धुऊन जाणारं ते नव्हतंच, दाण्यातच होतं. लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम वाढलेलं आणि जस्त कमी. पुढे एप्रिलात काहींची नखं गळाली.

ताई, घाबरवायला सांगत नाही. तुमच्या घरचं दळण कुठल्या गव्हाचं, ते एकदा बघा एवढंच.

---

मोगरा_चेंबूर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

वऱ्हाडीदादा, वाचून अंगावर काटा आला. मावशी आता कशा आहेत?

गहू आम्ही वाण्याकडून लोकवन घेतो, रेशनचा नाही. मुलगाही त्याच पोळ्या खातो आणि त्याला काही नाही.

डॉक्टर, सण आठवले आणि मी हादरलेच. केस गळायला लागले ते घट बसायच्या सुमारास, सप्टेंबरच्या शेवटी. पहिली माळ घालताना माझे केस फुलांत अडकले होते म्हणून पक्कं आठवतंय. आणि आषाढी एकादशीला, म्हणजे ६ जुलैला, घरात साबुदाण्याची खिचडी तशीच पडून राहिली होती. मी, सासूबाई आणि मुलगी तापाने आडव्या होतो. माझं रक्त तपासलं तेव्हा चिकुनगुन्या निघाला, सांधे महिनाभर धरलेले होते. सासूबाईंचा ताप १०३ पर्यंत गेला होता, पण त्यांचं रक्त तपासलंच नाही. मुलगी दोन दिवसांत उठली. नवऱ्याला आणि मुलाला काही झालं नाही. बोअरचं पाणी सुरू झालं गणपतीत, २७ ऑगस्टनंतर. म्हणजे घट बसले तेव्हा त्याला जेमतेम चार आठवडे झाले होते.

---

वऱ्हाडी_माणूस | ९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मावशी बरी आहे. केस परत आले, आधी लव यावी तसे, मग दाट. तिने आता त्यांना मेंदी लावायला सुरुवात केली आहे.

---

शिवडीचा_वारा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.००

चेंबूर म्हटल्यावर हवा कोणी विचारतच नाही? माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूचा वास आम्हाला शिवडीपर्यंत येतो. माझी आई दमेकरी आहे, त्यामुळे या गोष्टीची मला रोज काळजी असते. हवेने केस गळतात का? डॉक्टरांनी सांगावं.

---

त्वचावैद्य_माटुंगा | १० नोव्हेंबर, दुपारी १.३०

प्रश्न योग्य आहे. २०१९ मध्ये कोरियन संशोधकांनी केसांच्या मुळाशी असलेल्या पेशींवर धूळ आणि डिझेलचे कण सोडून पाहिले, तेव्हा केस वाढवणारी प्रथिनं कमी झाली. पण तो प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर होता, माणसांवर नव्हे. हवा वाईट आहे, फुप्फुसांना आणि हृदयाला नक्की वाईट. पण सप्टेंबरमध्ये अचानक सुरू झालेल्या गळतीचं खापर वर्षानुवर्षं तशीच असलेल्या हवेवर फोडता येणार नाही.

शेगावचं उदाहरण मोलाचं आहे. एखादी विषारी गोष्ट सगळ्या घरात शिरते तेव्हा चित्र कसं असतं बघा: दिवसांत टक्कल, महिन्यांत नव्हे. सगळ्या वयांचे लोक एकदम. शेजारीपाजारीसुद्धा. आणि सहसा एकटे केस जात नाहीत. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या, नखांवर पट्टे, काहीतरी सोबत असतं. थॅलियम, आर्सेनिक या विषांचंही असंच. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात लेबलावर होतं त्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम गेलं आणि २०१ लोक आजारी पडले. त्यांचेही केस गेले, सोबत जुलाब, सांधेदुखी, नखं. म्हणून ‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचत जा.

ताई, तुमच्याकडे यांपैकी काही आहे का? मुंग्या, पोट, नखं?

---

मोगरा_चेंबूर | १० नोव्हेंबर, दुपारी ३.४५

नाही. कोणालाच नाही. नखंही बघितली सगळ्यांची.

---

लॅबमधला_प्रशांत | १० नोव्हेंबर, रात्री ९.००

१९ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त द्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी पाळा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमी कोणी घेत असेल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. रोज बघतो मी: माणूस बरा, रिपोर्ट बिघडलेला.

आणि फक्त हिमोग्लोबिन करून थांबू नका, फेरिटिनही करा. फेरिटिन म्हणजे कोठारातलं लोह. कोठार रिकामं होतं तेव्हाही हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसतं. फक्त ताप अंगात असताना करू नका, तेव्हा ते उगाच वाढलेलं येतं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आलंय. आपल्या घरातल्या बायका शेवटी जेवतात आणि उरलंसुरलं खातात, हे मी आकड्यांत रोज बघतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

---

मोगरा_चेंबूर | १२ नोव्हेंबर, रात्री ११.००

दोन दिवसांत जे केलं ते लिहिते.

मीटर आणला. आमच्या नळाचं पाणी ६१०. थेट बोअरचं ११४०. माहेरी माटुंग्याला फक्त पालिकेचं पाणी, तिथे ७२. तिन्ही आकडे कागदावर लिहून सोसायटीला आणि वॉर्डात दिले.

न्हायल्यावर केस गोळा केले आणि मुलाच्या काळ्या चार्ट पेपरवर पसरून खिडकीशी बसले. नवऱ्याने भिंग धरलं. २१४ केस. १७३ ना टोकाशी पांढरी गाठ, खसखशीच्या दाण्याहून बारीक. पण एकदा दिसली की मग प्रत्येकात दिसायला लागते. बाकीचे ४१ तुटलेले, आखूड. म्हणजे पाणी तुटवतंय, पण गळवतंय दुसरंच काहीतरी.

मग मी इमारतीत घरोघर गेले. २८ घरांना पाणी तेच. २३ घरांनी दार उघडून नीट उत्तर दिलं. केस राठ झाले, असं जवळजवळ सगळ्याच बायका म्हणाल्या. पण पुंजक्याने गळताहेत असं फक्त सहा घरांत, आणि त्या सहापैकी पाच घरांत जून-जुलैत कोणाला ना कोणाला जोराचा ताप येऊन गेलेला. पाचव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘अगं, ताप गेला की केस जातातच, आमच्या वेळी टायफॉइडनंतर डोकंच भादरायचे.’ त्यांना हे माहीत होतं. मला नव्हतं.

उद्या सायनला जातोय. चौघं.

---

सचिव_मुलुंड | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

घरोघर जाऊन विचारलंत हे फार मोठं काम केलंत. आमच्या सोसायटीत कोणी हे करणार नाही. आणि तो कागद वॉर्डात दिल्याची पोच घेतली ना?

---

मोगरा_चेंबूर | १५ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पोच घेतली.

सायनला सकाळी आठला रांगेत उभे राहिलो, साडेअकराला नंबर लागला. एका तरुण डॉक्टरबाईंनी चौघांना चाळीसेक मिनिटं दिली. मुलगी आधी.

त्यांनी दिवे घालवले आणि जांभळा दिवा तिच्या डोक्यावर धरला. ती विरळ जागा हिरवी चमकली. तिच्या आजूबाजूला, मला कधी दिसलेच नव्हते असे आणखी दोन छोटे ठिपकेही चमकले. जवळून पाहिलं तर तिथे केस गळलेले नव्हते, त्वचेशी कापल्यासारखे तुटले होते आणि वर राखाडी कोंडा होता. केसांतला नायटा. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘घरात मांजर आहे का?’

घरात नाही. पण राखीपौर्णिमेच्या सुमारास तळमजल्याच्या जिन्याखाली मांजरीने तीन पिल्लं घातली. मुलगी शाळेतून आली की त्यातलं एक कुशीत घेऊन बसायची. मीच तिला वाटीत दूध द्यायचे. मग त्यांनी माझा हात उलटा केला. डाव्या मनगटाजवळ गोल, लालसर कडेचा चट्टा होता. तो मी महिनाभर तव्याचा चटका समजत होते.

मला तिथेच रडू आलं. दोन महिने मी पाण्याच्या मागे लागले आणि पोरीचे केस बाजूला करून एकदाही उजेडात पाहिलं नाही. क्लिनिकच्या कॅमेऱ्यानेही पाहिलं नव्हतं. त्या सीरमने हे बरं झालं नसतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की डोक्यातला नायटा मलमाने जात नाही, बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, गोळी पोटातूनच द्यावी लागते. ग्रिसिओफुल्विन दिलंय, जेवणानंतर साय घातलेल्या दुधाबरोबर, कारण स्निग्ध पदार्थासोबत ते अंगी लागतं. कमीत कमी आठ आठवडे. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, तो सगळ्यांनी. कंगवे, टॉवेल, उश्यांचे अभ्रे वेगळे.

माझं हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ९. ताप आणि त्यावर रिकामं कोठार.

सासूबाईंच्या डोक्यापेक्षा भुवया आधी पाहिल्या त्यांनी. दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं गेलेली. आम्ही रोज समोर बसून जेवतो, मला कधी जाणवलं नाही. टीएसएच १४.६, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. वर्षभर ‘थंडी वाजते, थकवा येतो’ म्हणायच्या, आम्ही वयावर ढकललं. गोळी सुरू झाली.

नवऱ्याचं त्याच्या वडिलांसारखंच, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून. ते पाच वर्षं चालूच होतं, घरात सगळे केसांबद्दल बोलायला लागले म्हणून त्याच्याही लक्षात आलं.

---

निशिगंध | १५ नोव्हेंबर, रात्री १०.५५

मोगराताई, रडू नका. तुम्ही २३ घरं पालथी घातलीत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने ते शोषलं जात नाही. मी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे आणि चहा दीड-दोन तासांनी. अळिवाचे लाडूही करा, पण गोळीऐवजी नाही, गोळीसोबत.

---

गिरगावकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

मुलीला तेल लावा म्हणून मी घाईने लिहिलं, ते मागे घेतो. नायट्यावर तेल चोळलं असतं तर कदाचित पसरलाही असता. डॉक्टरांनी वेळीच थांबवलं, बरं झालं. पिल्लांचं काय केलंत? त्यांना हाकलून दिलं तर ती दुसऱ्या इमारतीत जातील आणि तिथली मुलं कुशीत घेतील.

---

मोगरा_चेंबूर | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

काका, मनापासून आभार. हाकलली नाहीत. मुलगी ऐकलीच नसती. आम्ही चार घरांनी वर्गणी काढून तिन्ही पिल्लं आणि मांजर जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. दोन पिल्लांच्या कानांवर तसेच चट्टे आहेत. त्यांनाही औषध चालू आहे. जिन्याखालची पोती जाळली, फरशी ब्लीचने धुतली.

---

त्वचावैद्य_माटुंगा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

सायनच्या डॉक्टरबाईंनी उत्तम तपासलं. एकच भर घालतो. मुलाचंही डोकं बघून घ्या, त्याला लक्षण नसलं तरी. घरात एकाला निघाला की सगळ्यांची डोकी बघायची असतात. मुलीचं टक्कल करायची गरज नाही, शाळाही बुडवू नका, गोळी सुरू झाली की ती जाऊ शकते. आठ आठवड्यांनी पुन्हा दिवा धरून बघतील, तोवर केस दिसायला लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बऱ्याच घरांत इथेच चुकतं.

तुमचे केस आणखी दोनेक महिने गळत राहतील. तो औषधाचा दोष नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे भांग भरलेला दिसायला सहा महिने तरी धरा.

---

मोगरा_चेंबूर | ६ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.३०

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी विचारलं.

मुलीची गोळी अकरा आठवडे चालली. मागच्या बुधवारी जांभळ्या दिव्यात काही चमकलं नाही. कानावरच्या त्या जागी आता बोटाच्या पेराएवढे, उभे राहणारे केस आहेत. ती दिवसातून दहादा तिथे हात फिरवते आणि मलाही फिरवायला लावते. वेण्या पुन्हा सुरू झाल्या, सैलसर. मुलाचं डोकं स्वच्छ निघालं.

माझं फेरिटिन ३१ वर आलंय. परवा न्हायल्यावर मोजले, ६८. भांगाच्या दोन्ही कडांनी बारीक केसांची झालर उगवलीय, तेल लावलं तरी बसत नाही. सासूबाईंच्या भुवया अजून तशाच आहेत, पण दुपारी स्वेटर घालून बसायचं बंद झालंय.

पाणी: पालिकेच्या माणसांनी डिसेंबरात गळती काढली, फुटलेला जोड फाटकाच्या बाहेरच होता. टाकीतलं बोअर बंद केलं, आता मीटर ८० दाखवतो आणि डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. पण बोअरची जोडणी अजून तोडलेली नाही, नुसता वॉल्व्ह फिरवलाय. त्यासाठी पुढच्या मीटिंगमध्ये विषय लावलाय. मुलुंडचे सेक्रेटरीकाका, ठरावाचा मसुदा कसा लिहायचा ते सांगाल का?

आणि काल तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या धाकट्याचं डोकं दाखवलं. मागे, मानेच्या वर, गोल जागा. त्याही पाणी पाणीच म्हणत होत्या. उद्या त्यांना घेऊन सायनला जातेय, सात वाजता निघू.